कौल जिथं थांबतं

"मग माझा खडू का नाही झेलला तिनं?"

नेसरीकर सरांनी हे अज्जांना विचारलं. मी तेव्हा मठाच्या छपरावर होते, वळचणीच्या कडेला, दोन वाशांवर पाय रोवून बसलेली. सरांचा आवाज कानावर पडला आणि हातातलं कौल सुटता सुटता राहिलं.

सर खाली अंगणात उभे होते. एका हातात हेल्मेट, काखेत माझं फिजिक्सचं जर्नल. तालुक्याहून गाडीवर तीस किलोमीटर आले होते. भुवयांवरसुद्धा धूळ होती.

अज्जांनी शेजारच्या ढिगातलं एक कौल उचललं, अंगठ्यानं त्यावरचं वाळलेलं शेवाळ खरवडलं, आणि माझ्याकडं बघत उभे राहिले.

"हं," मी म्हटलं.

कौल वर आलं. माझ्या हातांसमोर आलं आणि थांबलं. मी ते घेतलं, मागं रचलं.

"बघा," सर म्हणाले. "हेच म्हणतोय मी. दोन किलोच्या वर असेल हे. आणि खडू असतो चार ग्रॅम."

"चार?"

"फार तर पाच."

"हलकाच की," अज्जा म्हणाले, आणि पुढचं कौल उचललं.

आमच्या गावच्या मठात दर वैशाखात शाकारणी असते. छपरावरची सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि चांगली पुन्हा वर चढवायची. चढवायची म्हणजे खालून एकानं फेकायची, वर एकानं झेलायची. अज्जा मठाचे प्रमुख. पण मठात बसण्याआधी, तरुणपणी, ते गावोगाव घरं शाकारत हिंडायचे. सत्तरी उलटली तरी खालून फेकायचं काम दुसऱ्याला देत नाहीत.

त्यांचा नियम एकच. वरच्यानं 'हं' म्हटल्याशिवाय कौल हातातून सोडायचं नाही.

मी तीन आठवडे कॉलेजला गेले नव्हते. सकाळी मठात यायचे, दुपारी घरी जायचे. का जात नाहीस, असं अज्जांनी विचारलं नव्हतं. एक दिवस शिडीकडं बोट दाखवलं, एवढंच.

त्याआधी झालं होतं ते असं. सर वर्गात प्रोजेक्टाइल शिकवत होते. म्हणजे हवेत फेकलेली वस्तू कुठल्या वाटेनं जाते, कुठं पडते, ते. सर हे खडू फेकून दाखवतात. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या उघड्या वहीवर नेमका खडू पाडतात, आणि वर्ग टाळ्या वाजवतो. त्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. वस्तू सगळ्यात लांब जायची तर कोन किती? पंचेचाळीस अंश. मला येत होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात "झेल, मगदूम" म्हणत म्हणतच त्यांनी खडू सोडला.

तो माझ्या चष्म्यावर टकदिशी बसला.

मी किंचाळले. मागं सरकताना बाक पडला, बाकावरची पाण्याची बाटली पडली, पुढच्या मुलीची वही भिजली. साठ जणांचा वर्ग हसला.

"खडूला दचकते," सर म्हणाले. "हिला अणू-रेणू कसे झेपायचे?"

पुढं आठवडाभर जिन्यात, कँटीनमध्ये कुणीतरी मागून म्हणायचं, "झेल, मगदूम." फेकलेलं काहीच नसायचं. तरी मी दचकायचे. मग त्यालाही सगळे हसायचे.

मग मी जाणं सोडलं.

सोमवारी प्रॅक्टिकल होतं. सही झालेलं जर्नल नसेल तर बसू देत नाहीत. बसले नाही तर वर्ष जातं. आणि वर्ष गेलं तर पुढं शिकायचं नाही, असं माझ्या वडिलांनी, अप्पांनी, घरी सांगून टाकलं होतं. रागानं नाही, समजुतीनं. मला राग चालला असता.

तर सर खाली उभे होते, आणि ते जर्नल त्यांच्या काखेत होतं.

"अज्जा, मी काय मुद्दाम केलं?" ते म्हणाले. "दुपारचा तास असतो. मुलं डुलक्या घेतात. जागं ठेवायला काहीतरी करावं लागतं. बावीस वर्षं खडू फेकतोय, कुणी कॉलेज सोडलं नाही."

"हं," मी वरून म्हटलं. सर थबकले. मी अज्जांना म्हटलं होतं.

कौल आलं, थांबलं, मी घेतलं.

"हिचं जर्नल बघितलंय का तुम्ही?" सरांनी जर्नल उघडून अज्जांपुढं धरलं. अज्जांनी बघितलं. त्यांना कानडी वाचता येतं, मराठी थोडं, इंग्रजी नाही. तरी पान उलटून बघितलं. "असं जर्नल मी बावीस वर्षांत चारदा पाहिलंय. आलेख बघा. एक रेघ खोडलेली नाही. म्हणून आलोय मी. नाहीतर कोण येतं एवढ्या उन्हात?"

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"तिला सांगितलंय का?" अज्जांनी विचारलं.

"काय?"

"हेच. चारदा बघितल्यालं."

सरांनी जर्नल मिटून कट्ट्यावर ठेवलं. त्यावर हेल्मेट ठेवलं, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून.

अज्जांनी कौल उचललं, पण फेकलं नाही. छातीशी धरून उभे राहिले.

"सर, एक विचारू का? रागावू नका, मी आडाणी माणूस."

"विचारा की."

"कौल वर गेल्यावर थांबतंय, का मलाच तसं वाटतंय?"

सरांचा चेहराच बदलला. वर्गात कुणी प्रश्न विचारला की बदलतो तसा. दोन्ही हात मोकळे झाले.

"थांबतं. पण अर्धं थांबतं. असं बघा, वर जायचा वेग कमी कमी होत जातो. माथ्यावर तो शून्य होतो. त्या क्षणी कौल वरही जात नसतं, खालीही येत नसतं. पण आडवं जायचं चालूच राहतं. तो वेग बदलतच नाही. कारण आडवं ढकलणारं किंवा अडवणारं कुणी नसतं. हवा सोडली तर."

"म्हणजे थांबतंय पण, आणि चालतंय पण."

"...तसं म्हणा."

"आणि जमीन? कौल थांबलं म्हणून ती वढायची सोडती?"

"अजिबात नाही. थांबलेलं असतं तेव्हाही तेवढीच ओढत असते. क्षणभरसुद्धा सोडत नाही."

अज्जा कौलाकडं बघत राहिले.

"पन्नास वर्सं फेकतोय," ते म्हणाले. "जमीन सोडत न्हाई, हे कधी ध्यानात आलं न्हवतं. बरं झालं सांगितलंत."

ते खरंच म्हणत होते. सरांनाही ते कळलं असावं. त्यांनी बाह्या दुमडल्या.

"द्या, एक मी टाकतो."

अज्जांनी कौल दिलं. सरांनी वर बघितलं. माझ्या हातांकडं बघितलं, नेम धरल्यासारखं.

"झेल, मगदूम."

मी 'हं' म्हटलंच नव्हतं. कौल आलं, आणि थांबलं नाही. माझ्या हातांपाशी पोचलं तेव्हाही ते वरच निघालं होतं. मी मागं झाले, वासा घट्ट धरला, डोळे मिटले. कौल माझ्या डोक्यावरून गेलं आणि मागं रचलेल्या ढिगावर पडलं. तीन कौलं फुटली.

खाली सरांचे हात अजून वरच होते.

"लागलं का गं?" अज्जांनी विचारलं.

"नाही."

"खापऱ्या राहू देत. गल्लीतल्या पोरींना जिबली खेळायला हुतील."

"मागं सरली ती," सर म्हणाले. आवाज जरा चढला होता. "बघितलंत ना? हीच तर माझी तक्रार आहे. हात पुढं करायचा तर..."

वर फुटलेल्या कौलांचा आवाज त्यांनाही आठवला असेल. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून खडू काढला. खडू त्यांच्या खिशात कायम असतो. ढिगातलं एक कौल घेतलं, त्याच्या पाठीवर लिहायला लागले.

"माझ्या हातापासून तिच्या हातापर्यंत दोन मीटर वीस धरू. गुणिले दोन, गुणिले नऊ पूर्णांक आठ. वर्गमूळ... साडेसहाच्या जरा वर. सेकंदाला साडेसहा मीटर. एवढ्याच वेगानं सोडलं, तर कौल बरोबर तिच्या हातापाशी थांबेल. जास्त नाही, कमी नाही."

अज्जांनी ते कौल दोन्ही हातांत घेऊन बघितलं. आकड्यांवरून बोट फिरवलं, पण पुसलं जाणार नाही इतकं वरून.

"हे बरोबर हाय?"

"अगदी बरोबर."

"मग हेच टाका."

सरांनी तेच कौल घेतलं. "तयार?" म्हणाले, आणि मी बोलायच्या आत सोडलं. ते माझ्या हातांपर्यंत आलंच नाही. दीडेक हात खाली थांबलं आणि परत फिरलं. सर उडी मारून बाजूला झाले. कौल त्यांच्या बुटांपाशी फुटलं. साडेसहाचा आकडा एका तुकड्यावर, वर्गमूळ दुसऱ्या.

मला हसू आलं. मी ते गिळलं.

"गणित चुकलं न्हवतं," अज्जा म्हणाले.

"नाही." सरांनी कपाळ पुसलं. "हात चुकला. हाताला साडेसहा कसं सांगायचं, ते... ते काही मला माहीत नाही."

"मला पण न्हाई. मी चारशे फोडली आसतील." अज्जांनी खाली वाकून सरांच्या हातातून पडलेला खडू उचलला. "आणि ह्याला? ह्याला किती लागंल?"

"खडूला? तेवढाच."

"कौल जड. हे हलकं."

"असू दे. जोर कमी लागेल, वेग तोच. उंची तीच असेल तर जड-हलकं काही बघायचं नाही."

"तोच?"

"तोच."

"मग पोरीची भीती येगळी कशी झाली?"

सर बुटांपाशी फुटलेलं कौल पायानं बाजूला सारायला लागले.

अज्जांनी वर बघितलं. मी रोजच्यासारखं "हं" म्हटलं. हात पुढं केले, कौलाएवढं अंतर ठेवून. त्या दोन हातांच्या मध्ये काहीतरी पांढरं आलं आणि थांबलं. मी ते दोन बोटांनी उचललं, आणि मागं कौलांच्या रांगेत ठेवलं.

ठेवल्यावर दिसलं की तो खडू होता.

मी त्याच्याकडं बघत राहिले. खाली सर माझ्याकडं बघत होते.

"घेतला की," अज्जा म्हणाले.

विहिरीकडं कुणाची तरी बादली काठावर आपटली. मी दचकले. सरांनी ते बघितलं. पहिल्यांदाच बघितलं बहुतेक, हसायला कुणी नसताना.

"सर," अज्जांनी हळू विचारलं, "तुमचा खडू तिच्यापाशी थांबत हुता का?"

"नाही." सर सवयीनं उत्तर देत गेले, फळ्यापुढं देतात तसं. "तो सरळ जातो. सरळ घालवायचा तर वेग जास्त द्यावा लागतो. म्हणजे मग तो वाकायच्या आत पोचतो. पोचतो तेव्हा जवळजवळ सगळा वेग त्याच्यात शिल्लकच..."

फळ्यापुढं फिरवतात तसा हवेत फिरवलेला हात त्यांनी खाली घेतला.

अज्जा कट्ट्यावर जाऊन बसले. कनवटीची सुपारी काढली आणि अडकित्त्यानं कातरायला लागले.

"वर्गात कसा थांबवणार, अज्जा?" सरांचा आवाज उतरला होता. "साठ मुलं असतात. एकेकाच्या हातापाशी थांबवत बसलो तर पोर्शन कधी संपायचा?"

अज्जांनी ढिगाकडं बघितलं. पुन्हा सुपारीकडं.

सरांनी स्वतःच एक कौल उचललं. छातीशी धरलं. या वेळी माझ्या हातांकडं बघितलं नाही. माझ्या तोंडाकडं बघितलं.

मला 'हं' म्हणता येईना.

हात पुढं होते, पण बोटं थंड पडली होती. वाटलं, आता ते "झेल" म्हणतील. वाटलं, आत्ता येईल.

आलं नाही.

सर उभे होते. निसटायला लागलेलं कौल त्यांनी दोन्ही हातांनी पुन्हा घट्ट धरलं. घामाची एक धार कानामागून कॉलरमध्ये गेली. ती पुसायला हात मोकळा नव्हता. अज्जांचा अडकित्ता कटकट वाजत होता, त्यांनी वर बघितलंही नाही.

पहिल्या दिवशी अज्जाही असेच उभे राहिले होते. मी वर, ते खाली. माझ्या तोंडून 'हं' निघत नव्हतं. ऊन कट्ट्यावरून पायरीवर आलं, कुणीतरी चहा आणला, चहावर साय धरली, ते तसेच. दुसरं कुणी वर पाठवा, असं मी म्हटलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. शेवटी मीच म्हटलं होतं.

"मगदूम," सर खालून म्हणाले. मग जरा थांबून, "गिरिजा. मला घाई नाही."

मी श्वास घेतला.

"हं."

कौल आलं. जरा डावीकडून, जरा तिरकं. पण माझ्या हातांसमोर येऊन थांबलं. एवढासा वेळ. त्यात त्याच्यावरचा शेवाळाचा डाग दिसला, कडेचा टवका दिसला. मी ते घेतलं.

सरांनी पुढचं उचललं.

"हं."

मग पुढचं. एक हुकलं, ते त्यांनी स्वतःच खाली येताना धरलं, आणि बोट चेचलं म्हणून फुंकत बसले. बारा कौलं झाली, तेव्हा अज्जांनी हात वर केला. मी शिडीवरून खाली आले.

सरांनी हेल्मेट बाजूला केलं, जर्नल उचललं, त्यावरची धूळ शर्टाला पुसली. दोन पावलं पुढं आले आणि ते माझ्या हातात दिलं.

"सह्या केल्यात सगळ्या. सोमवारी दहाला. बाहेरचे परीक्षक आहेत, ते जरा... भराभर विचारतात. मी त्यांना आधी सांगून ठेवू का, की ही मुलगी..."

"नको, सर."

"नाही, म्हणजे तुला त्रास नको."

"नको. मी येते दहाला."

सरांनी मान हलवली. अजून काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. मी थांबले. ते आलं नाही. त्यांनी हेल्मेट उचललं.

"कुठं निघालात?" कट्ट्यावरून अज्जा म्हणाले. "साठ तरी कौलं ऱ्हायलीत अजून."

"टाकतो की. गिरिजा वर गेली की..."

"ती दमली. ती खालनं टाकंल. आता तुम्ही वर चढा."

सरांनी शिडीकडं बघितलं. मग छपराकडं, उघड्या वाशांकडं. हेल्मेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"अज्जा..." ते इतक्या हळू म्हणाले की मी शेजारी नसते तर मला ऐकू आलं नसतं. "मला उंचीवर गरगरतं."

मी जर्नल कट्ट्यावर ठेवलं. ढिगातलं एक कौल उचलून छातीशी धरलं. हसले नाही.

अज्जांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, आणि उठून शिडी धरली.

"मग 'हं' म्हणायला लागंल तेवढा वेळ घ्या, सर. ती थांबंल."